पाटावरची गुप्ती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सुमनलाही नाही — आणि सुमनला तर मी दाढीचं पातं बदललं तरी सांगतो.

मी याद्या करणारा माणूस आहे. घरातला कुठला दिवा कधी बदलला, मुलींना कुठली लस कधी टोचली, माळ्यावरची टाकी शेवटची कधी धुतली — सगळं वहीत असतं. सकाळी दाढी करताना दिवसाची कामं मनात क्रमाने लावतो आणि चहा होईपर्यंत ती कागदावर उतरतात. लोक हसतात, हसू देत. पण नऊ वर्षांपूर्वीची एक गोष्ट मी कुठल्याच यादीत घेतली नाही. विसरलो म्हणून? छे. एकदा लिहिली की कधी ना कधी तिच्यापुढे 'झालं' अशी खूण करावी लागणार, आणि त्यासाठी जे करावं लागतं ते करायची माझी तयारी नव्हती.

आता आहे. म्हणून लिहितो आहे.

आमच्या कासारवाडीच्या घरी कुणी नवीन माणूस आलं की पाच मिनिटांत त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जाते. मोठं, लंबकाचं घड्याळ आहे. खाली पितळी पट्टी — 'प्रसंगावधान आणि धैर्याबद्दल'. मग सुमन चहाचं आधण ठेवता ठेवता आतूनच सुरू करते.

"अहो, एवढी लांब गुप्ती हो! काठीच्या आत लपवलेलं पातं. दाराला आतून कडी. तो समोर उभा. आणि आमच्या ह्यांच्या हातात काय? तर माप घ्यायचा वर्नियर! पण डोकं बघा ना. त्याला म्हणाले, बाबा रे, आज खंडेनवमी, हत्यार आधी पुजेला ठेव. आणि ठेवलं की त्याने!"

"ठेवलं?" पाहुणा विचारतो.

"मुकाट ठेवलं. मग ह्यांनी झडप घालून उचललंच!"

शेजारचे काका हे सगळं शंभरदा ऐकूनही मांडीवर थाप मारतात. "वसंतराव म्हणजे सीआयडीच हो! तोंडाकडे बघून वाटतं का?"

मी हसतो. बशीत चहा ओततो. आठ वर्षं मी त्या घड्याळाखाली बसून हसतो आहे.

यातलं सीआयडी तेवढं खरं. बाकीचं कुठे खरं आणि कुठे खोटं, ते क्रमाने सांगतो. क्रम सोडला तर मी पुन्हा कुठेतरी लपेन — मला माझी सवय ठाऊक आहे.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं ते वर्ष. आमचा कारखाना पिंपरीच्या पुढे, हमरस्त्याला लागून. मी टूल स्टोअर सांभाळायचो. जाळीची एक खिडकी, आत भिंतभर फळ्या, फळ्यांवर ओळीने खिळे आणि प्रत्येक खिळ्याला एक हत्यार — कानस, ड्रिल, मायक्रोमीटर. प्रत्येक कामगाराकडे त्याच्या नंबराचे पितळी बिल्ले असायचे. हत्यार हवं तर बिल्ला द्यायचा. मी तो रिकाम्या खिळ्याला अडकवायचा. हत्यार परत आलं की बिल्ला परत. म्हणजे एका वेळी माणसाकडे दोनपैकी एक गोष्ट असणारच — हत्यार तरी, नाहीतर बिल्ला तरी. सगळा कारभार त्या एका नियमावर चालायचा आणि मला तो नियम फार आवडायचा. भांडण नाही, आरडाओरडा नाही. खिळ्याकडे बघितलं की कळतं, कुणाकडे काय आहे.

त्या वर्षी कारखान्यात नवी युनियन उभी राहत होती. पहिली शिफ्ट सुटली की चारच्या सुमाराला मंडळी पवनेच्या काठी जमायची. मीही जायचो. एक दिवस पर्सोनेल ऑफिसरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर मीच केलेली यादी होती, मोडलेल्या हत्यारांची, जी रोज ऑफिसात जायची.

साहेब म्हणाले, "इतकी स्वच्छ यादी मी या कारखान्यात पाहिली नाही. माझ्यासाठी आणखी एक ठेवाल?"

धमकी नव्हती. आमिष नव्हतं. घरात अडचण नव्हती, मुली धडधाकट होत्या. मग मी हो का म्हणालो? बरीच वर्षं मी स्वतःला काहीबाही कारणं सांगितली. खरं एवढंच आहे की मला ते आवडलं. शंभर माणसांत मला एकट्याला काहीतरी ठाऊक आहे, आणि ते कुणाला ठाऊक नाही — ह्याची एक गोडी असते. ती मला लागली.

पद्धतही मीच काढली. मोडलेल्या हत्यारांच्या यादीत बिल्ल्यांचे नंबर असायचेच. ज्याच्या नंबरापुढे पेन्सिलीचं बारीक टिंब, तो माणूस काल काठावरच्या बैठकीत बोलला. ज्याला टिंब लागलं त्याला आठ दिवसांत मेमो. कुणाची बदली, कुणाची शिफ्ट फिरवलेली. चार महिन्यांत बैठकीतली माणसं निम्मी झाली. जी उरली ती एकमेकांच्या तोंडाकडे बघत बोलायला लागली.

मग युनियनवाल्यांनीही आपला माणूस कामाला लावला. आपल्यात कोण फुटलंय ते शोधून काढ, म्हणाले. तो माणूस सोपान.

सोपान टर्निंग शॉपचा. चिखलीकडचा, जुन्या गावातल्या घरातला. त्यांची जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली तेव्हा घरातल्या एकाला नोकरी, असं ठरलं होतं. ती एक नोकरी म्हणजे सोपान. त्या नोकरीवर आई, बायको, दोन भाऊ. लेथवर हात असा की मोजून झाल्यावर मायक्रोमीटर परत देताना म्हणायचा, "घ्या वसंतराव. माज्या बोटांनी आदीच सांगितलं व्हतं, उगं तुमचं खातरी करून घेतलं." माणूस कमी बोलायचा, आणि बोलला की असं काहीतरी. मला तो आवडायचा — हेही लिहून ठेवतो. त्याने माझा दोष काही कमी होत नाही.

तो काय शोधतोय ते मला माहीत होतं. मी काय करतोय ते त्याला माहीत नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं. रोज सकाळी जाळीच्या दोन बाजूंना आम्ही दोघं हसून बोलायचो.

एका सकाळी कानस नेताना तो खिडकीला टेकला. "काल तुमी काठावर आला न्हाईत. भीमराव काय बोलला, राव! सायबाची पार सालटी काढली."

भीमराव ग्राइंडिंगचा, लातूरकडून आलेला. मी आदल्या दिवशी खरंच बैठकीला गेलो नव्हतो, धाकटीला ताप होता. यादी करताना मी भीमरावच्या नंबरापुढे टिंब दिलं. स्वतः न पाहता, दुसऱ्याच्या तोंडचं ऐकून मी आयुष्यात केलेली ती एकच नोंद. मेमो आला — काल नदीकाठच्या सभेत आपण अमुक बोललात, खुलासा करा.

भीमराव त्या दिवशी काठावर नव्हताच. शिफ्ट सुटल्यावर तो थेट दवाखान्यात गेला होता, बायको बाळंत होत होती. आणि बाहेरच्या बाकड्यावर त्याच्या शेजारी अंधार पडेपर्यंत सोपान बसला होता. ही खोटी बातमी सोपानने एकाच माणसाला सांगितली होती. कुणाला, ते भीमरावलाही सांगितलं नव्हतं.

हे सगळं मला खंडेनवमीच्या सकाळी कळलं.

आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रं बंद. सकाळी सगळे मिळून रॉकेलने मशिनी पुसायच्या, फरशी धुवायची, लेथला उसाची आणि केळीची पानं बांधायची, झेंडूच्या माळा घालायच्या. अकराला पूजा. त्या एका दिवशी घरच्यांना आत सोडायचे, त्यामुळे बायका नव्या साड्या नेसून यायच्या आणि नवरा रोज कुठे उभा राहतो ते बघायच्या. गेटवर जमादाराची बंदूकसुद्धा पाटावर. टूल स्टोअरचा पाट माझ्याकडे — वर्नियर, हातोडी, कानस, स्टोअरचं रजिस्टर, नारळ, हळदकुंकू. आणि एक रीत सगळेच पाळायचे. एकदा हळदकुंकू लागलं की ते हत्यार दसरा उजाडेपर्यंत कुणी उचलायचं नाही. साहेबाने सांगितलं तरी नाही.

नऊ वाजले असतील. मी पाट मांडत होतो. बाजूच्या दाराने सोपान आत आला आणि त्याने कडी लावली. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली काठी. कागद सोडला, काठीची मूठ फिरवली आणि वीतभर पातं बाहेर काढून दाखवलं. चकचकीत होतं. आमच्याच ग्राइंडिंग व्हीलवर घासलेलं — मला खुणा ओळखू आल्या.

इथे नीट लिहायला हवं. सगळं खोटं इथूनच सुरू होतं. त्याने ते पातं माझ्यावर उगारलं नाही. दाखवलं आणि परत आत सरकवलं.

"भीमरावाचं म्या फकस्त तुमालाच बोललो व्हतो, वसंतराव."

माझ्या डोक्यात यादी चालू — दाराला कडी, खिडकीला जाळी, त्याच्या हातात गुप्ती, माझ्या हातात कुंकवाची वाटी. घाबरलो होतो का? होय. पण डोकं चालत होतं. माझं डोकं नेहमीच चालतं.

तो पुढे बोलत राहिला. युनियनच्या पोरांनी ही गुप्ती दुसऱ्या शिफ्टला बनवली आणि त्याच्या हातात दिली. नाव सांग नाहीतर तूच बघून घे, म्हणाले. "म्या नाव सांगितलं न्हाई. पोरं हायेत, एकदा हात सुटला तर थांबायची न्हाईत. आन् तुमच्या बी दोन पोरी हायेत. म्हनून म्याच आलो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गेट मीटिंग हाय. तिथं तुमीच उभं ऱ्हावा आन् तुमीच सांगा. कुनी बोट लावनार न्हाई, मी उभा ऱ्हातो तुमच्या म्होरं. तवर माजं तोंड बंद."

मग काठीकडे बघून म्हणाला, "ह्ये मला वापरायचं न्हाई. पन टाकू कुटं? पोरं इचारतील."

तुम्ही काय केलं असतं ते मी विचारत नाही. मी काय केलं ते सांगतो. माझी नजर पाटावर गेली आणि एका क्षणात सगळा हिशेब मनात मांडून झाला.

मी म्हणालो, "सोपान, आज हत्यार हातात धरायचा दिवस नाही. ठेव पाटावर. इतकी हत्यारं आहेत, त्यात हेही पुजू. हळदकुंकू लागल्यावर दसऱ्यापर्यंत त्याला ना तू हात लावायचास, ना मी, ना पोरं. गेट मीटिंग झाली की घेऊन जा."

तो विचारात पडला. "आन् तुमी सांगनार?"

मी वर्नियरवर हात ठेवला. आमच्यात आपल्या हत्याराची शपथ म्हणजे थट्टा नसते. मला हे माहीत होतं आणि त्याला माहीत आहे हेही माहीत होतं. म्हणालो, "सांगेन. माझ्या तोंडाने."

त्याने गुप्ती पाटावर ठेवली. दोन्ही हातांनी, झेंडूच्या माळेशेजारी. मी तिला हळद लावली, कुंकू लावलं. मग रजिस्टर उघडलं आणि म्हणालो, "नियम आहे. बिल्ला दे, नोंद करतो."

तो हसला. इतका वेळ ताणलेला चेहरा एकदम सैल झाला. "आरं तिच्या! हत्यार बी तुमच्याकडं, बिल्ला बी तुमच्याकडं. मग माज्याकडं काय ऱ्हायलं?"

"माझा शब्द," मी म्हणालो.

त्याने बिल्ला काढून दिला. नंबर चारशे सतरा. मी लिहिलं — गुप्ती एक, बिल्ला ४१७. तो कडी काढून निघून गेला. जाताना पाटाला नमस्कार करून गेला.

माझी चतुराई ती एवढीच. सशस्त्र माणसाला नि:शस्त्र केलं, वर त्याचं हत्यार त्याच्याच नंबरावर नोंदवून घेतलं. सुमन सांगते ते इथपर्यंत जवळपास बरोबर आहे. इथे थांबलो असतो तर — पण थांबलो नाही. नऊ ते अकरा, दोन तास माझ्याकडे होते. गुप्ती पाटावर होती, भीती गेली होती, कुणी मागे लागलं नव्हतं. भीतीच्या भरात केलं, असं म्हणायला जागा नाही. त्या दोन तासांत मी बसून विचार केला. गेट मीटिंगला उभं राहायचं, दीड हजार माणसांसमोर, आणि सांगायचं की तो मी. ह्या विचाराने माझ्या अंगावर काटा आला. पात्याने आला नव्हता इतका.

मी एक कागद घेतला. सुवाच्य अक्षरात लिहिलं, क्रमांक घालून. एक, कामगार क्रमांक ४१७ याने आज सकाळी नऊ वाजता स्टोअरमध्ये येऊन कडी लावली. दोन, गुप्ती उगारून मला जिवे मारण्याची धमकी दिली. तीन, मी प्रसंगावधान राखून —

पुढचं घड्याळावर आहे.

अकराला पूजा झाली. सुमन मुलींना घेऊन आली होती. सगळ्या हत्यारांना तिनेही हळदकुंकू वाहिलं, गुप्तीलाही. "ही कसली हो काठी?" तिने विचारलं. "एका कामगाराची आहे," मी म्हणालो. साहेब प्रसादाला आले तेव्हा खोबऱ्याच्या वाटीखाली घडी करून तो कागद दिला. त्यांनी वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि गेले.

सोपान तेव्हा आपल्या लेथपाशी होता. आईला घेऊन आला होता. म्हातारीने लेथला कुंकू लावलं, मग लांबून कान देऊन ऐकायला लागली. "बंद हाय गं आये," तो म्हणत होता. "आज झोपलंय ते." बाजूचे हसत होते. मी जाळीतून बघत होतो.

जमादार आणि दोन वॉचमन त्याला स्टोअरमध्ये घेऊन आले. साहेब मागोमाग. दारात माणसं जमली. साहेबांनी पाटाकडे बोट दाखवलं. "हे तुझं?"

सोपानने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "व्हय."

गुप्ती त्याच्या हाताच्या अंतरावर होती. वॉचमनच्या हातात काठ्यासुद्धा नव्हत्या, त्याही गेटवर पुजेला होत्या. त्याला झडप घालता आली असती, पळता आलं असतं, मला भोसकता आलं असतं. तो हात बांधून उभा राहिला.

साहेब जमादाराला म्हणाले, "ताब्यात घ्या ती." जमादार फौजेतला गडी, पण जागचा हलला नाही. "सायेब, पुजल्यालं हाय. उद्या सकाळी घेतो." साहेबांनी वॉचमनकडे पाहिलं, ते जमिनीकडे बघायला लागले. कुणी पुढे होईना. क्षणभर मला वाटलं, हे असंच राहील आणि सगळे पांगतील.

तेव्हा मी पुढे झालो. दोन तासांपूर्वी त्याच माणसाला ती रीत मीच सांगितली होती. मी वाकलो आणि गुप्ती उचलली. कुंकू माझ्या तळहाताला लागलं.

सोपान हळूच म्हणाला, जसं एखाद्याची चूक होत असेल तर आपण सांगतो तसं, "वसंतराव, आज उचलायचं न्हाई."

तेवढंच. दारातल्या माणसांना ते ऐकू गेलं नसावं. त्यांना दिसलं ते इतकंच की वसंतरावांनी हत्यार हिसकावलं. म्हातारीच्या हातात प्रसादाचा द्रोण होता. तो धरूनच ती गेटपर्यंत त्याच्या मागे गेली.

कंपनीच्या चौकशीत मी तो कागद वाचून दाखवला. कोर्टात तेच सांगितलं. सोपानने चौकशीत एकदा सांगितलं की हेच खबर देतात. मी म्हणालो, पकडला गेलेला माणूस काहीही बोलतो. खोलीचं दार बंद होतं, बाहेर काही गेलं नाही. ज्या पोरांनी गुप्ती बनवली ती म्हणाली, आमचा संबंध नाही. युनियनने तेच म्हटलं. त्याला चौदा महिन्यांची शिक्षा झाली. नोकरी गेली — जमिनीच्या बदल्यात आलेली. काठावरच्या बैठका बंद पडल्या, आणि मग यादीत टिंबं द्यायची गरजही उरली नाही. मी मुख्य स्टोअरकीपर झालो. पुढच्या वर्षी घड्याळ मिळालं.

रजिस्टरचं ते पान मी फाडलं. पान आणि बिल्ला, दोन्ही घड्याळाच्या मागच्या खणात ठेवले. फेकून का नाही दिले? मला वस्तू फेकता येत नाहीत. एवढंच असेल. जास्त चांगलं कारण मी शोधणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात सुमनला घेऊन चाकणच्या बाजाराला गेलो होतो. तिला कांदे घ्यायचे होते आणि विळीला धार लावून घ्यायची होती. रांगेच्या टोकाला एक माणूस पायाने दगड फिरवत बसला होता. सोपान. केस पार पिकलेले. सुमनने त्याला ओळखलं नाही. ओळखणार तरी कशी, तिने त्याला एकदाच पाहिलेलं. त्याने विळीचं पातं सोडवलं, दगडावर धरलं, मधूनमधून अंगठा फिरवून बघत होता. त्या बोटांना मायक्रोमीटर लागत नसे. मी सुमनच्या मागे उभा होतो.

"घ्या वहिनी. जपून, चांगली लागलीय धार." मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "बरं हाय ना, वसंतराव?"

मी मान हलवली. त्याने पुढच्या बाईचा कोयता घेतला.

परतताना सुमनने विचारलं, "कोण हो? तुम्हाला नावाने ओळखतो."

मी म्हणालो, "माहीत नाही. असेल कारखान्यातला कुणी."

नऊ वर्षांपूर्वी खोटं बोललो तेव्हा माझ्यापाशी दोन तास होते. या वेळी एक क्षणही लागला नाही. ते मला घरी येईपर्यंत कळलं नव्हतं. कळलं तेव्हा सुमन नव्या धारेच्या विळीवर कांदा चिरत होती.

खंडेनवमीला पाच दिवस आहेत. घड्याळ आज सकाळी उतरवलं. सुमन म्हणाली, "बंद पडलं का?" म्हटलं, "नाही, चालू आहे." हे कागद पुरे झाले की आधी तिच्या हातात देणार. ती काय म्हणेल ते तिचं. टूल स्टोअरचा पाट अजूनही मीच मांडतो. या वर्षी अकराच्या पुजेला सगळ्यांसमोर उभा राहून वाचणार आहे. भीमराव अजून ग्राइंडिंगला आहे, त्याला पुढे उभं राहायला सांगितलंय, कशासाठी ते सांगितलेलं नाही. एक प्रत कंपनीला, एक युनियनला. कोर्टात दिलेली साक्ष खोटी होती असं लिहून द्यायचं तर काय होतं, ते वकिलाला विचारून आलो. काय होतं ते त्याने सांगितलं. मी म्हणालो, कागद तयार करा. घड्याळ कंपनीला परत.

दसऱ्याला चाकण. बिल्ला त्याच्या दगडाशेजारी ठेवीन. वाचलेल्या कागदाची प्रतही. तो घेईल, न घेईल. बोलेल, न बोलेल. मी तिथे थांबणार नाही.

वाचणार आहे ते इतकं:

टूल स्टोअरमधून ऑफिसला खबर देणारा माणूस मी होतो. बिल्ला क्रमांक ४१७ माझ्यावर हत्यार घेऊन धावून आला नव्हता. पोरांनी मला मारू नये म्हणून तो आधी एकटा आला होता. त्याने हत्यार उगारलं नाही. मी हत्याराची शपथ घेतली म्हणून त्याने ते पाटावर ठेवलं. पुजलेलं आज उचलायचं नाही, असं त्याने मला तेव्हा हळूच सांगितलं होतं. मी उचललं.